आपल्या वीराचा घोडा

नाशिक, फेब्रुवारी २००१

ती. खंडेरावदादास, आशाचा साष्टांग नमस्कार (कंबरेमुळे उभ्यानेच). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचे पापड पोचले. निम्मे एसटीतच मोडले, चव शाबूत आहे.

आता मुद्द्याचं. आपण दर धुळवडीला ज्याचा चांदीचा टाक गोदावरीत न्हाऊ घालून वाजतगाजत नाचवतो, तो वीर मराठेशाहीतला कोणी असेल अशी माझी समजूत. तुझ्या योगिनीच्या साखरपुड्यात तुम्ही घराण्याच्या गोष्टी काढल्यात, तेव्हा कळलं की ते आपले पणजोबा कोंडाजी, पहिल्या महायुद्धात पलटणीबरोबर इराकला गेलेले. हे मला निवृत्त झाल्यावर कळावं? (कॉन्व्हेंटात मी इंग्लंडच्या सगळ्या राजांच्या बायका पाठ केल्या होत्या.)

हिरामणकाकांनी घोडदळ म्हटलं, म्हणून मीही शेजारच्या मंगलाबाईंना घोडदळच सांगितलं. त्यांचे यजमान देवळालीचे निवृत्त सुभेदार. बाई त्यांची पदकं घासून आमच्याच कठड्यावर वाळत ठेवतात. यंदा पाळीने वीर माझ्या घरी, तेव्हा धुळवडीला त्यांना मुद्दाम बोलावलं.

आणि परवा झुंबरआत्याचा फोन. “घोडा कुठला बाई, खेचर व्हतं. गोळीबारात उधळलं ते थेट शत्रूकडं. साहेब रागावतील म्हणून आजोबांनी शेपूट सोडलं नाय. त्यांना पाहून पलटण त्यांच्या मागोमाग धावली, अन् शत्रूची चौकी हाती आली.”

म्हणजे पराक्रम खेचराचा आणि टाक आपला. दादा, तू वडीलधारा आहेस. आत्याला बजाव, धुळवडीपुरता तरी घोडा म्हण, नाहीतर येवल्यातच राहा. मंगलाबाईंसमोर मला मान खाली घालायची नाही.

तुझी,
आशा

ता. क. आज नवा चष्मा लावून टाक चिंचेने घासला. वीराखालच्या घोड्याचे कान फारच लांब आहेत. इतकी वर्षं आपण कुंकू नेमकं तिथेच लावत आलो.

आणखी ता. क. मंगलाबाई कठड्यावरून बघत होत्या. त्यांनी सुभेदारांना हाक मारली. ते डोंगरी तोफखान्यातले. तोफा खेचरांच्याच पाठीवर असायच्या म्हणे. त्यांनी चपला काढून टाकाला सलाम केला आणि विचारलं, “नाव काय?” मी म्हटलं, कोंडाजी. ते म्हणाले, “त्यांचं नाही, खेचराचं.”

तेव्हा दादा, वरचं सगळं विसर आणि आत्याला मिळेल त्या एसटीत बसवून दे.