सुकलेल्या फळ्या

१० जानेवारी

चि. भाऊजींना अनेक आशीर्वाद.

निमंत्रण पोचलं. जाड कागद, सोनेरी अक्षरं. ह्यांनी बांधलेली शिडाची नौका पुन्हा शर्यतीत उतरवायची, असं तुमच्या क्लबच्या अध्यक्षांच्या मनात आलंय म्हणे. थोर उपकार. तिने नऊ शर्यती मारल्या. मग मालकांच्या चिरंजीवांनी तिच्या पोटात इंजिन घालून पाहुणे फिरवले, आणि कंटाळा आल्यावर अकरा वर्षं शेडमध्ये वाळत टाकली. आता जुन्याची फॅशन आली, तेव्हा तिची आठवण झाली.

अध्यक्षांना एवढंच सांगा, सुकलेली नौका थेट सोडायची नसते. आधी चार दिवस उथळ पाण्यात बुडवून ठेवा. फळ्या फुगल्या की फटी आपोआप मिटतात. फटींत पुट्टीसारखी कडक लांबी मुळीच भरू नका, लाकडाला फुगायला जागा लागते. हे ह्यांच्या वहीत आहे. मी अक्षरं शिकले ती त्याच वहीवरून, म्हणून पाठ आहे.

जाऊबाईंना गुडघा शेकायला सांगा. माया आहे ती राहू द्या.

वहिनी

२ फेब्रुवारी

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

तुमचं म्हणणं बैठकीत सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, मिरवायची नौका आधी बुडवायची, ही कुठली अक्कल? सगळे हसले. मीही हसलो, खोटं कशाला लिहू. फटींत कडक लांबी भरली, वर आरशासारखं वॉर्निश. पाण्यात सोडली तेव्हा टाळ्या पडल्या. तिसऱ्या दिवशी फळ्या फुगल्या, लांबी हटेना, आणि आतल्या आधाराच्या पाच फासळ्या मोडल्या.

आता अध्यक्षांनी कागद केलाय, की मूळ बांधणीच कच्ची होती. त्यावर बांधणाऱ्याच्या घरच्यांची सही हवी. नाही मिळाली तर क्लबच्या यार्डातली माझी नोकरी जाईल. दादा गेले, त्यांना आता काय फरक पडणार? कागद सोबत आहे. राग धरू नये.

तुमचा धाकटा दीर

९ फेब्रुवारी

चि. भाऊजींना आशीर्वाद, नेहमीपेक्षा थोडे कमी.

चाळीस वर्षांच्या फळ्या पाणी लागल्यावर इतक्या जोराने फुगतात की पाच फासळ्या मोडतात, ही कच्ची बांधणी? अध्यक्षांना ते कळायचं नाही. नौकेची पुढची बाजू ते ओळखतात, कारण तिथे उभं राहून फोटो काढतात. तुम्हाला मात्र कळायला हवं होतं. रंधा धरायला ह्यांनीच शिकवलं तुम्हाला.

ह्यांना फरक पडणार नाही, खरं आहे. मला पडतो. सहा वर्षं रोज पडतोय.

कागद परत पाठवते आहे. अध्यक्षांचा मजकूर खोडून, काय झालं ते खाली माझ्या हाताने लिहिलंय, तुम्ही हसलात तेसुद्धा. घरच्यांच्या सहीसाठी दोन ओळी आखल्या आहेत. पहिलीवर मी सही केली. दुसरी तुमची.

केलीत, तर जेवायला या. नोकरी गेली तरी या.

वहिनी