जादाची बॅग दुसऱ्याच लग्नात

तीर्थरूप मामांना,

भाच्याचा नमस्कार (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसूनच, भावना पोचली असं समजा). तब्येत कशी आहे? डोळ्यांत थेंब वेळेवर घालता, की मामी गेल्यापासून दटावणारं कोणी नाही म्हणून चालढकल करता? इकडे सगळे बरे आहेत. तुमची भाचेसून ठणठणीत आहे, आणि तिचा आवाजही. पत्राला उशीर झाला त्याचं कारण आळस नाही. (आळस आहेच, पण या वेळी दोष त्याचा नाही.) गेल्या आठवड्यात एका लग्नात माझी जी तारांबळ उडाली, ती तुमच्याखेरीज कोणाला सांगण्यात अर्थ नाही, कारण त्या सगळ्याचं मूळ तुम्ही आहात.

तुम्ही मला हा धंदा शिकवलात तेव्हा कॅमेरा हातात देण्याआधी दुसरा कॅमेरा दाखवलात, आठवतं? बिघाड कधी होईल सांगता येत नाही आणि लोक काही आपल्यासाठी पुन्हा लग्न करणार नाहीत, तेव्हा प्रत्येक वस्तू जोडीनं न्यायची, हे तुम्ही माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसवलंत की आता मी चष्मेही दोन नेतो आणि रुमालही. घरात यावरून माझी यथेच्छ थट्टा होते. स्वतःच्या लग्नात जादाची नवरी नेली होती का, असं तुमची भाचेसून चारचौघांत विचारते. पण तुमचा जो दुसरा नियम, की दोन्ही बॅगा एका गाडीत ठेवायच्या नाहीत आणि दोन्ही गाड्या एका रस्त्यानं न्यायच्या नाहीत, तोच या वेळी माझ्या मुळावर आला. कारण दुसरी गाडी असते माझ्या मेहुण्यांची. ते निवृत्त झाल्यापासून घरी बसून सगळ्यांना सल्ले देत होते, म्हणून त्यांच्या बहिणीनं त्यांना माझ्या धंद्यात ढकललं. इतकी वर्षं ते जादाची बॅग इमानेइतबारे नेतात आणि न उघडता परत आणतात.

तर लग्न होतं एका हॉलमध्ये. सकाळीच नवरीनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की बाकीचे फोटो बिघडले तरी ती एका शब्दानं बोलणार नाही, पण आजोबांबरोबरचा एक फोटो चांगला हवा. आजोबा इस्पितळात होते. डॉक्टरांनी थोड्या वेळापुरतं सोडायचं कबूल केलं होतं, तेही नर्सबाई सोबत असतील तर. मी छातीठोकपणे हो म्हणालो. सह्या झाल्या, अंगठ्या झाल्या, कॅमेरा शहाण्यासारखा वागत होता. मग आजोबांची चाकाची खुर्ची दारातून आत आली, नवरी धावत जाऊन त्यांच्या शेजारी बसली, मी कॅमेरा डोळ्याला लावला, बटण दाबलं, आणि आतून दाताखाली खडा आल्यासारखा आवाज झाला. शटरचा पडदा अडकला. कॅमेरा बंद केला, चालू केला, बॅटरी बदलली, मनातल्या मनात हात जोडले. ढिम्म.

मेहुण्यांना फोन लावला. ते जेवत होते. कुठे, तर त्याच मालकाच्या, त्याच नावाच्या, पण गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉलमध्ये. तिथेही लग्न होतं, त्यामुळे त्यांना काही खटकलं नाही. (मी कसा दिसत नाही, असा विचार त्यांच्या मनात आला होता म्हणे, पण मी बहुतेक वेळा कुठेतरी वाकलेला असतो म्हणून त्यांनी तो सोडून दिला.) बरं, बॅग घेऊन लगेच निघा म्हटलं, तर म्हणाले, बॅग माझ्याकडे नाही. तिथल्या फोटोग्राफर मुलीचा कॅमेरा जिन्यावरून पडून फुटला होता. तिच्याकडे दुसरा नव्हता. ती भिंतीकडे तोंड करून रडत होती, आणि आमच्या मेहुण्यांनी, इतक्या वर्षांत प्रथमच, ती बॅग उघडून तिच्या हातात दिली होती. त्यांच्या आवाजात अपराधीपणा नव्हता, मामा. चक्क अभिमान होता. मी फोनवर त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही, मामींचा फोटो तुमच्या टेबलावर असतो.

मोबाइलनं का नाही काढलास, असं तुम्ही विचाराल. काढला. नवरीच्या मावशीचा फोन मागून घेतला (सगळ्या वऱ्हाडासमोर फोटोग्राफरनं फोन मागायचा, म्हणजे काय ते तुम्हीच जाणा). आजोबांच्या मागे काचेची भिंत, बाहेर लख्ख ऊन, आणि नर्सबाई खुर्ची हलवू देईनात. फोटोत आजोबांच्या जागी काळा ठिपका आला. नवरीनं तो बघितला आणि फक्त राहू द्या म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

मग मला जे सुचलं ते मी केलं. बंद कॅमेरा डोळ्याला लावून नुसता फ्लॅश उडवत राहिलो, म्हणजे मंडळी जागेवर राहतील आणि आजोबांना परत नेणार नाहीत. सगळे माझ्या मेलेल्या कॅमेऱ्याकडे बघून मनापासून हसत होते. थोड्या वेळानं आजोबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. कानाशी लागून म्हणाले, "फोटो निघत नाहीयेत ना?"

खोटं बोलणं जमलं नाही. दुसरा कॅमेरा वाटेत आहे, म्हणालो. (तो वाटेत आहे की नाही, देव जाणे.) त्यांनी मान डोलावली आणि माझं मनगट धरून मला शेजारच्या खुर्चीत बसवलं. त्यानंतर त्या माणसानं जे नाटक केलं ते बघायला तुम्ही हवे होतात. नर्सबाईंनी निघायचं नाव काढलं की त्यांना तहान लागायची. पाणी आलं की ते गार असायचं. कोमट आलं की चष्मा सापडायचा नाही, जो त्यांच्या नाकावर होता. मधूनमधून ते माझ्याकडे बघून डोळा मिचकावत होते. पण बोलताना त्यांना दम लागत होता, माझ्या मनगटावरची पकड सैल पडत चालली होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

शेवटी दारातून मेहुणे आले आणि त्यांच्या पुढे धावत ती मुलगी, जाड चष्मा, केस विस्कटलेले, गळ्यात माझा कॅमेरा. तिच्याकडची नवरी कपडे बदलायला गेली होती. लगेच परत न्यायचा म्हणून ती कॅमेऱ्याबरोबर स्वतःच आली होती. मी तो घ्यायला उठू लागलो, तर आजोबांनी हात सोडला नाही. "बस. काढू दे तिला," म्हणाले. चष्मेवालीनं इकडेतिकडे बघितलं, फ्लॅश छताकडे वळवला आणि फोटो काढले. नवरी आणि आजोबांचे काढले, सगळ्यांचे काढले, आणि एक आजोबा, नवरी आणि मी अशा आम्हा तिघांचा काढला, ज्यात माझे डोळे लाल आहेत आणि शर्ट बाहेर आला आहे. मग नर्सबाई आजोबांना घेऊन गेल्या, या वेळी त्यांनी काहीही मागितलं नाही.

ते फोटो मी आता रोज बघतो. मी काढले असते त्याहून बरे आहेत. (हे मेहुण्यांना कळवू नये.) त्यांच्याशी मी चार दिवस बोललो नाही, पण खरं सांगू, रडणाऱ्या मुलीला बघून तुम्ही बॅग उघडली असतीत आणि मी बॅगेची चेन आणखी घट्ट लावली असती, असं मला वाटतं. त्याचाच विचार करतो आहे. बाकी क्षेम. थेंब घालत जा.

तुमचा एकुलता एक भाचा

ता. क. कॅमेरा दुरुस्तीवाल्याला दाखवला. तो म्हणाला, दोन्ही कॅमेरे एकाच दिवशी घेतलेत, तेव्हा जोडीनं आले तसे जोडीनं जातील. म्हणजे इतकी वर्षं मी काळजी जपून ठेवत होतो, कॅमेरा नव्हे.

आणखी एक ता. क. खरं पत्र इथून पुढे आहे. आमच्या चिवूचं लग्न ठरलं. फोटो मी काढणार होतो. पण तो तिघांचा फोटो बघून ती म्हणाली, "बाबा, तुम्ही पहिल्यांदाच कुठेतरी दिसताय." तेव्हा ते काम चष्मेवालीला दिलं. मग मी जुने अल्बम काढून बसलो. आईचं लग्न, माझं लग्न, चिवूचा पहिला वाढदिवस. सगळीकडे मामी आहेत, हसताहेत, बहुतेक तुमच्याकडे बघून. तुम्ही कुठेच नाही. एका फोटोत जमिनीवर कोपर वर केलेली सावली आहे, ती तुमची. मामा, आमच्या घरात तुमचा एकही फोटो नाही, आणि मला ते फार लागलं. तर लग्नाला या. पहिल्या रांगेत बसा. चिवू तुमच्या शेजारी बसेल. आणि कॅमेरा आणू नका. जादाचाही.