तुझ्यासकट मोजलेलं घर

प्रिय आई,

“मी इथं उभी राह्यली तं तुह्या मशीनचं काय बिघडते वं?” नागपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत तू विचारलं होतंस, पदर खोचून, जागेवरून न हलता. तू गेल्यावर पहिल्यांदाच सुट्टी काढून पांढरकवड्याला आले आहे, आणि परवापासून बाबा माझ्याशी बोललेले नाहीत. हे सांगावं असं घरात दुसरं कुणी नाही, म्हणून तुलाच लिहिते.

तेव्हा तुला हाताला धरून बाहेर काढलं आणि ते जाड दार लावलं. किती फुगली होतीस! टॉवरजवळ, वॉकीटॉकीजवळ यंत्रं बिघडू नयेत म्हणून आम्ही ती जोरदार रेडिओलहरींत ठेवून तपासतो. पण आधी खोली रिकामी करावी लागते. यंत्राच्या जागी नुसता लहरी मोजणारा प्रोब उभा करायचा आणि किती शक्ती सोडली की लहरींचा जोर हवा तेवढा भरतो, हे मोजून ठेवायचं. मग यंत्र आत ठेवलं की तेवढीच शक्ती सोडायची. मोजताना माणूस आत राहिला तर सगळंच चुकतं. लहरी त्याच्या अंगावरून परततात, अंगात जिरतात.

“तुझ्या असण्यानं आकडे बदलतात, आई!” मी तुझ्या कानाशी ओरडले. आणि तू काय केलंस? घरी परतल्यावर गल्लीभर सांगितलंस, “माह्या नुसत्या उभं राह्यल्यानं एवढाली मशीन गडबडते!”

बाबा म्हणाले, “मशीनचं काय घेऊन बसली, मी तं लग्नापासून गडबडून राह्यलो.” अर्थात ओरडूनच. नाहीतर तुला ऐकू कसं येणार?

तू गेल्यावरही परवापर्यंत ते तसेच बोलत होते गं. “भाजीत मीठ बरोबर हाये!” एवढं सांगितलं तरी शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, “सुमे, बाप काहून खवळला वं?”

परवा मी हसत म्हणाले, “बाबा, हळू बोला नं. मले ऐकू येते.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं,” म्हणाले. इतकं हळू, की तो शब्द मला ओठांवरून ओळखावा लागला. तेव्हापासून गप्प आहेत.

आई, हे घर तू आत असताना मोजलेलं आहे. आता एकट्या माझ्यासाठी नव्यानं मोजा, असं मी त्यांना कोणत्या तोंडानं म्हणाले? आणि मी तरी काय वेगळी! नागपूरहून फोन लावला की अजून “आई, जेवलीस का?” असंच ओरडते. पलीकडून बाबा सांगतात, “जेवलो.”

उद्या मला निघायचं आहे. सोबत चला म्हटलं, तर त्यांनी नुसती मान हलवून नाही म्हटलं. या दोन खोल्यांत तू एवढी भरून राहिलीस! माझ्यासाठी थोडी जागा सोडायचीस की.

आवाज कमी करा, असं मी त्यांना पुन्हा कधीच म्हणणार नाही. माझ्या फ्लॅटमध्ये ते ओरडले की इमारतीचे खुशाल चारही मजले हलू देत. शेजाऱ्यांचं मी बघते.

पण त्यासाठी ते यायला हवेत. तुला सोडून ते येणार नाहीत आणि तू काही त्यांना सोडणार नाहीस, माहीत आहे मला. तरी मागते. उन्हाळ्यापुरते तरी बाबा मले दे नं, आई.

तुझी,
सुमी