कोरी फिल्म

प्रिय सुमंत,

वैशाखात सांगलीला मफलर पाठवणाऱ्या मनुष्यास कोणतं प्रायश्चित्त सांगितलं आहे, ते साताऱ्यास आल्यावर पोथीत पाहून कळवीन. मी धोतरं मागितली होती. पिशवीतून एक धोतर, मफलर आणि न मागितलेलं इसबगोल निघालं.

इथले वैताग निराळेच. शरयू भावाकडे विश्रामबागेत पडली, उजवा हात लुळा झाला, वाचा बसली, तशीच दवाखान्यात आणली आणि लगेच मेंदूचा स्कॅन. फिल्म कोरी! इथे भेटायला येणारा प्रत्येकजण फिल्म खिडकीशी धरून पंचांगासारखी वाचतो. शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे यजमान नानासो म्हणाले, "आवं गुरुजी, लय निर्मळ हाय की! डाग न्हाई, ठिपका न्हाई." झालं! माझ्या मेहुण्यांनी कंदी पेढे वाटले आणि एसटीडी बूथवरून तुला कळवलं, की काही निघालं नाही, तुमच्याकडे राहिलेल्या श्रद्धाला निर्धास्त पेपर देऊ दे. डॉक्टर घसा फोडून सांगत होते, की पक्षाघाताचा डाग सुरुवातीच्या तासांत फिल्मवर उमटतच नाही, दोन दिवसांनी पुन्हा काढू. पेढा तोंडात असताना ऐकतो कोण?

डॉक्टर तरुण, अभ्यासू. मेंदूच्या पेशी मेल्या की त्यांतलं एक द्रव्य रक्तात उतरतं. त्यावरून घाव केवढा याचा अदमास येतो का, हे ते पाहताहेत. रोज सकाळी शरयूचं रक्त नेतात. मी म्हटलं, अहो, माझ्या बायकोची वाचा बाटलीत शोधताय काय? ते हसले नाहीत.

काल दुसरा स्कॅन झाला. डाव्या बाजूला डाग आहे, चांगला ठसठशीत. रक्तातला आकडाही चढाच. नानासोंनी फिल्म उजेडात धरली आणि लगेच पाकिटात घातली. मेहुणे मात्र अजून पहिल्या फिल्मलाच धरून बसलेत. म्हणे, मशीनच बिघडलं असेल!

जिवाचा धोका टळला म्हणतात. पण शरयू आता कशालाही 'बरं' म्हणते. चहा हवा? बरं. नको? बरं. जन्मात माझं एक वाक्य न खोडता सोडलं नाही या बाईनं! काल मुद्दाम श्लोकाचा चरण चुकवून म्हटला. माझ्याकडे बघत राहिली, आणि 'बरं'.

श्रद्धाचा शेवटचा पेपर शनिवारी ना? तो झाला की तिला घेऊन ये, आणि वाटेत एसटीत सगळं तूच सांग. फोनवर मला जमेना, म्हणून हे पत्र. लेक समोर उभी राहील आणि तिच्या आईला तिचं नाव घेता येणार नाही, याची मला फार भीती वाटते रे.

तुझाच,
चिंतामण