कोंडलेल्या हवेतली बुरशी

३ एप्रिल १९४६
मळ्यातल्या खोपीत चौदावा दिवस. उजव्या हाताला आणखी एक गाठ. मनगटापासून कोपरापर्यंत पाच झाल्या, एका ओळीत. थोरला भाऊ आबा बांधावरनंच ओरडला, "बायकू-पोरीकडं फिरकायचं न्हाई. लोकं महारोग म्हणत्यात." बायको हौसा जेवण ठेवून मागं फिरली. माझ्याकडं बघितलं नाही.
बाभळीचा काटा घुसला तिथूनच सुरू झालं. सुई टोचली तर मला दुखतं. महारोगात बधिर होतं. पण ऐकतो कोण.

५ एप्रिल
पलटणीच्या दवाखान्यात तीन वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, पू तपासायला हाताखाली होतो. ते शिकलेलं वाया का जाऊ द्यायचं? अंडं वाफवून तीन बाटल्यांत घट्ट केलं. न फुटलेल्या गाठीतला पू उकळलेल्या सुईनं काढून त्यावर लावला. तोंडाला कापूस.

१४ एप्रिल
बुरशी! आधी पांढरी, आता काळपट, कातड्यासारखी. तिन्ही बाटल्यांत तीच.

१५ एप्रिल
पहाटेच्या गाडीनं सांगली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी व्हरांड्यात उभं केलं. तरुण आहेत. बाटली बघून म्हणाले, "अहो, बुरशी भाकरीवरही येते. हवेतून पडली असेल. गाठीतलीच कशावरून?"
येताना गाडीच्या डब्यात हात सदऱ्यात लपवला.

१६ एप्रिल
पलटणीच्या दवाखान्यातले डॉक्टर कॅप्टनसाहेब म्हणायचे, काही बुरशा दोन रूपांच्या. मोकळ्या हवेत केसाळ होतात. माणसाच्या अंगात, उबेत अन् कोंडलेल्या हवेत, केस सोडून लोण्यासारख्या होतात. भाकरीवरची तसं करत नाही.
म्हणजे बरणीत अंगातल्यासारखी हवा करायची. दोन बरण्यांत ताज्या अंड्यावर माझी बुरशी लावली. एकीत भाकरीवरचीही ठेवली, शेजारी पेटती मेणबत्ती, अन् झाकण मेणानं बंद. ज्योत बारीक होत विझली. दुसरीला नुसता कापूस. दोन्ही गोधडीत, पोटाशी.

१९ एप्रिल
आबा : "कागद आलाय रं. तीस तारखेला आश्रमाची माणसं न्यायला येत्यात." महारोग्यांचा आश्रम. गेलेला माणूस गावात परत आलेला मी पाहिला नाही.
म्हटलं, ह्यो महारोग न्हाई. "मग काय हाय? सांग की!" नाव मलाही येत नाही.
हौसा जरा थांबली. "आवं, त्या बरण्या घिऊन काय झोपताय?" रागावली होती का रडत होती, लांबून कळेना.

२१ एप्रिल
मेणबत्ती बदलली. फरक नाही. विहिरीपलीकडून लेकीनं, शालूनं, "दादा" अशी हाक मारली. चार वर्षांची आहे. खोपीत आत सरकलो. ओ दिली असती तर पळत आली असती.

२५ एप्रिल
उघड्या बरणीतली काळी, केसाळ. बंद बरणीतली भाकरीवरची पण केसाळच. आणि त्याच बरणीतली माझी मलईसारखी मऊ! ओरडावंसं वाटलं. मग वाटलं, हेच आत्ता माझ्या हातात वाढतंय...

२६ एप्रिल
सांगली. डॉक्टर बंद बरणीतली बुरशी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "या, तुम्हीच बघा." तंतू नाहीत. गोल, लांबट कण, काहींना कोंब फुटलेले. "बुरशीचाच रोग. काट्यातून आत गेली. हा महारोग नव्हे." आज व्हरांड्यात उभं न करता आत खुर्ची दिली. किती दिवसांनी कुणाच्या शेजारी बसलो!
आयोडाइडचे थेंब दिले, दुधातून घ्यायचे. आश्रमासाठी चिठ्ठी लिहून दिली.

२८ एप्रिल
आबानं चिठ्ठी मास्तरांकडून वाचून घेतली. "कागदावर काय बी लिवत्यात. आदी गाठी जाऊ देत." थेंबांनी तोंडाला पाणी सुटतं, नाक वाहतं. जेवण जात नाही.

३० एप्रिल
माणसं आली. दोघं. त्यातल्या वयस्करानं चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "आमाला न्यायचा हुकूम हाय. पर हे सायबास्नी दाखवतो. आठवड्यानं येतो." चिठ्ठी खिशात घातली.
ती एकच होती. गाडी वळणाआड गेल्यावर ध्यानात आलं.
आबा म्हणाला, "तवर हितंच रा." हौसा मात्र आबा गेल्यावरही उभी राहिली.
कोपराजवळची गाठ दाबून बघितली. मऊ लागली. थेंबांचा गुण, का सकाळी पण मऊच होती?