बदलीचा रकाना

शनिवार, १ तारीख

झालं! निवड झाली! चार आठवडे कृत्रिम डोळे बनवणाऱ्या कार्यशाळेत कामाचा अनुभव आणि शेवटी मास्तरांच्या सहीचं प्रमाणपत्र. आमच्या वर्गातले बावीस जण या एका जागेच्या मागे हात धुऊन लागले होते.

खरं श्रेय ताईचं. दोन वर्षांपूर्वी ती तिथेच शिकली. गेले पंधरा दिवस ती रोज स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मास्तर होऊन बसायची आणि माझी उलटतपासणी घ्यायची. तुझ्यातला दुर्गुण सांग, असं तिने विचारलं तेव्हा मी झोप म्हणाले, तर चमचा फेकून मारला. आज माझा शर्टही तिनेच इस्त्री केला. मुलाखतीत मास्तरांनी अगदी तिने घोकून घेतलेलेच प्रश्न विचारले, त्याच क्रमाने.

गोटीचा दुसरा नंबर आला. शाळेपासूनची मैत्रीण, पण रुसली नाही. मला मिठी मारून म्हणाली, मेले, तिथलं सगळं मला शिकवायचं.

सोमवार, ३

तिसरा मजला. लांबट खोली, सगळ्या खिडक्या उत्तरेला, कारण थेट उन्हात रंग फसवतात. भिंतभर उथळ खण, खणांत कापसावर डोळे. पहिल्यांदा खण ओढला तेव्हा एकदम चाळीस जणांनी वर पाहिलं. मी चक्क "सॉरी" म्हणाले. काउंटरवरच्या काकू हसून हसून बेजार.

मास्तरांची बोटं केळ्यासारखी जाड, पण ब्रश एका केसाचा. त्यांनी करारावर सही घेतली. दोन पानं होती. ताईने सांगूनच ठेवलं होतं की नेहमीचाच कागद आहे, वाचत बसू नकोस, वाईट दिसतं. मी वाचला नाही.

मंगळवार, ४

बुबुळाचा रंग एक नसतो. तपकिरी म्हणून जे दिसतं त्यात हिरवा असतो, पिवळा असतो, बाहुलीभोवती जळकट कडा असते. पांढऱ्या भागावर लाल रेशमाचा धागा उकलून, एकेक तंतू चिकटवून शिरा करायच्या. वर पारदर्शक थर, मग पॉलिश.

शेवटची पायरी मास्तर म्हणतात ती "नजर लावणं". तयार डोळा समोर धरायचा आणि शंभर आकडे होईपर्यंत पापणी न हलवता त्याच्यात बघायचं. म्हटलं, कशासाठी? म्हणाले, चुका दिसतात.

शुक्रवार, ७

माझा पहिला डोळा बसला! एका निवृत्त हेडमास्तरांना. आरशासमोर ते मान या अंगाला, त्या अंगाला वळवून बघत राहिले. मास्तर म्हणाले की पहिल्याच आठवड्यात असा जिवंत डोळा त्यांनी फक्त एकदा पाहिलाय, माझ्या बहिणीचा. ताईला सांगितलं. तिने माझं डोकं छातीशी घट्ट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

बुधवार, १२

आणखी तीन डोळे झाले. डाव्या हाताशी ठेवलेला कप आज दोनदा पाडला. तिथे कप आहे हे दिसतच नाही. धुरकट नाही, काळंही नाही. तेवढा तुकडा नाहीच, चावा घेतल्यासारखा. काकूंनी फरशी पुसली. म्हणाल्या, होतं असं. माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं.

शुक्रवार, १४

हेडमास्तर परत आले. चांगला डोळा तळहाताने झाकून माझ्यासमोर बसले आणि टेबलावरची माझी वही वाचू लागले. मी केलेला डोळा लावून. प्लास्टिकचा. त्यांनी "बाहुलीभोवती जळकट कडा" असं मोठ्यांदा वाचलं आणि रडायला लागले. हसतही होते.

मास्तरांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांनी फक्त माझ्या डाव्या बाजूला बोट नाचवून विचारलं, हे दिसतं का?

मला बोट दिसलं नाही. आवाज तेवढा ऐकू आला.

सोमवार, १७

ताईला सगळं सांगितलं. म्हटलं, मी जाणार नाही. मला वाटलं, ती मास्तरांच्या अंगावर धावून जाईल. तिने माझी बॅग भरली. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, म्हणाली. अर्धवट सोडून आयुष्याचं वाटोळं करून घेणार का, म्हणाली. मग एकदम माझे पाय धरले. मोठ्या बहिणीने. मी घाबरून हो म्हणाले. दारापर्यंत ती माझा दंड धरून आली.

आज दोन डोळे केले. मास्तर शेजारी उभे होते. मी पापणी मिटली की आकडे पुन्हा एकपासून.

बुधवार, १९

मास्तर जेवायला गेल्यावर करारांची फाईल काढली. उजव्या डोळ्याच्या मधल्या भागातून वाचता येतं, कागद नाकाशी धरून.

कलम सात. जे गेलं ते परत हवं असेल तर बदलीच्या रकान्यात दुसऱ्याचं नाव लिहावं. लिहिलेली व्यक्ती काम सोडून गेली, तर परत मिळालेलंही जाईल.

माझ्या करारात तो रकाना कोरा आहे. त्याच्या मागे ताईचा करार. तिचाच तिरका क, तिचाच मोठं पोट असलेला ब. "धाकटी बहीण. शिक्षण पूर्ण होताच पाठवीन."

दोन वर्षांपूर्वीची तारीख. त्याच आठवड्यात तिने मला मनगटी घड्याळ आणलं होतं. मी विचारलं होतं, कशाबद्दल? म्हणाली होती, उगाच, लाड.

गुरुवार, २०

ताईने नाकारलं नाही. तिला तेव्हा काहीच दिसत नव्हतं, म्हणाली. अंदाजाने चाचपडत भात वाढून घ्यायची आणि घरात कुणाला कळू नये म्हणून हसत राहायची. मी विचारलं, मग माझंच नाव का? तर म्हणाली, दुसरं कोण माझ्या शब्दावर डोळे झाकून आलं असतं?

आणि मग, अगदी प्रेमाने, तूही एक नाव लिही. सगळं परत मिळेल. मला मिळालं ना.

पंधरा दिवस तो टेबलाशी चाललेला खेळ. इस्त्री. सगळं.

शुक्रवार, २१

सात डोळे झाले. एक नाव. फक्त एक नाव. गोटीचं नाव मनात उच्चारून पाहिलं. लाज वाटली. मग परत उच्चारलं.

नाही लिहिणार.

शनिवार, २२

ओळी एकमेकींवर चढत असतील. अंदाजाने लिहितेय. आई विचारते, डोळे का सुजलेत. ताईच उत्तर देते, काम फार असतं.

स्वयंपाकघरात ताई कुणाला तरी प्रश्न विचारतेय. मुलाखतीचे. त्याच क्रमाने.

उत्तरं गोटी देतेय. हसतेय.

हाक मारली. ताईने दार लोटून घेतलं —

सोमवार, २४

नखाएवढा उजेड उरलाय. मास्तर म्हणतात, आजवरची सगळ्यात गुणी विद्यार्थिनी. प्रमाणपत्र आठवडाभर आधीच हातात दिलं. गुळगुळीत कागद, काय लिहिलंय कोण जाणे. रकाना तेवढा भर म्हणाले. मी भरला नाही.

जिन्यात पावलं. दोघींची. गोटी काकूंना नमस्कार करतेय —

गोटी, ही वही वाच, आधी ही वाच, आत येऊ नकोस, मास्तर शंभर मोजायला सांगतील, बघू नकोस, ताईवर विश्वास —

ताईचा हात. माझ्या हातावर. पेन ओढतेय. कानाशी म्हणतेय, बाळा, तुझ्यासाठीच करतेय गं, दे इकडे, तुझ्या वतीने मीच लिहिते तिचं ना