आबांच्या गाडीचा काटा

५ मे
आबांची गाडी वर्षानं बाहेर काढली. काटा सरळ लाल रेघेवर. इंजिन गरम नाहीये, टेम्परेचरचा सेन्सर गेलाय. व्हिडिओ बघितलाय मी. पुनम म्हणते, भूषण मेकॅनिककडे टाका. बायकोला काय कळतं इंजिनातलं! १७ तारखेला भडगावला आबांचं वर्षश्राद्ध. आईला आबांच्याच गाडीतून नेणार आणि सेन्सर मीच बदलणार. आबांनी जन्मभर मला बॉनेटला हात लावू दिला नाही. 'तुनाघाई नही व्हनार.' आता बघाच म्हणावं, माझ्याकडून होतं की नाही.

८ मे, पहाटे
अंगणात बॉनेटचा खट्ट आवाज. खिडकीतून पाहिलं. आबा! गाडीजवळ उभे, हातात तांब्या. चादर डोक्यावरून घेतली. घाबरलो नव्हतो. डास होते.

९ मे
परत आबा. तांब्या उपडा करून दाखवला. बिचारे तहानलेत, दुसरं काय! फोटोपुढे पेला भरून ठेवला.

११ मे
सेन्सर आणला. ऊन फार. उद्या नक्की.

१४ मे
बदलला!! व्हिडिओवाला सांगत होता, जुना काढला की कूलंटचं पाणी भसाभस बाहेर येतं, खाली बादली ठेवा. ठेवली. थेंबसुद्धा पडला नाही. हाताला सफाई लागते! काटा आता पार तळाशी, जागचा हलत नाही. भूषणला बोलावून दाखवणार होतो. जाऊ दे, कशाला उगाच कुणाला जळवा.

१६ मे, पहाटे
आबा खिडकीपर्यंत आले. तांब्या गजांवर आपटत होते. जिवंतपणीही एवढे भडकले नव्हते. उजाडल्यावर पिंपळाला बादलीभर पाणी घातलं, पेल्याच्या जागी कळशी ठेवली. अजून किती प्यायचं एखाद्यानं?

१७ मे
पाचोऱ्याच्या अलीकडे बॉनेटमधून धूर. काटा तळाशीच. इंजिन जाम. भूषणला फोन लावला. त्यानं विचारलं, पाणी कधी बघितलं होतं? कोरड्या सेन्सरला ताप कळत नाही. आई म्हणाली, तुना आबा रोज सकायमा गाडीमा तांब्याभर पानी टाकेत. तू फोटोले, पिंपयले, बठ्ठासले पानी दिन्हं, गाडीलेच नही दिन्हं. आणि पुनमला घेऊन एसटीत चढली.

दुपारी
डिकीत श्राद्धाचा तांब्या सापडला. बाटलीतलं पाणी त्यात घेतलं आणि इंजिन निवल्यावर ओतलं. आता काही उपयोग नाही, ठाऊक आहे. मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं. आबा, निदान रागवायला तरी या.